झेंडूच्या रंगाची रेकॉर्ड

माझ्या धाकट्या भावाचे कान गाण्यांपायी गेले, असं त्याच्या कंपनीत आता सगळे धरून चालतात. चाकणच्या त्या फोर्जिंग कंपनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं हॅमरसमोर, लोखंड ठोकणाऱ्या यंत्रासमोर, काढली, तरी कान गेले ते म्हणे गाण्यांपायी. हे खरं नाही. खरं काय ते सांगू शकेल असं माणूस मी एकटीच उरले आहे, कारण घरात आम्ही दोघंच राहायचो. म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायला वेळ लागतो. मी निगडीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर नीट ठेवायचं, एवढीच आजवरची सवय.

वडील मराठवाड्यातून कंपनीत लागायला पिंपरीला आले आणि पिंपरीचेच झाले. ते वारले, त्यांच्या मागे आई गेली. माझं लग्न जमलं नाही, भावाने केलं नाही, आणि त्यावर नातेवाइकांना जे बोलायचं होतं ते बोलून संपलं. चिखलीत आमचा तिसऱ्या मजल्यावर लहान फ्लॅट. खाली वेल्डिंगचं वर्कशॉप, समोर नवी बिल्डिंग, तिच्या बाजूला तिच्याहून नवी. सकाळी तो पहिल्या शिफ्टच्या बसला जायचा, मग मी माझ्या बसला.

त्याची हॅमर शॉप मी एकदाच पाहिली. कंपनीने घरच्या माणसांना बोलावून जेवण दिलं होतं आणि कारखाना दाखवला होता. भट्टीतून लोखंडाचा ठोकळा बाहेर यायचा, नारिंगी, बघवणार नाही इतका तेजस्वी. भाऊ लांब चिमट्याने तो डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा आणि वरून हॅमर उतरायचा. तो आवाज कानाला कळायच्या आधी पोटात कळायचा. प्रत्येक घावाला ठोकळ्यावरचे काळे पापुद्रे उडायचे आणि खालून पुन्हा नारिंगी दिसायचं. आम्हा पाहुण्यांना दारातच कानात घालायला पिवळ्या स्पंजची बुचं दिली होती. मी ती घातली, वर दोन्ही हात कानांवर धरले, आणि पाच-सात घावांनंतर बाहेर आले. बाहेर एक बाई मला म्हणाली, तुमच्या भावाला पण देतात की अशी बुचं. देत असत. पण भट्टीजवळ घामाने ती निसटतात, आणि जोडीदाराने ‘थांब’ म्हटलेलं ऐकू आलं नाही तर हात जातो. म्हणून तिथली माणसं एका कानात बूच घालतात आणि एक कान उघडा ठेवतात. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही.

गाण्यांचं सांगते. आयटीआयला असताना कुणीतरी त्याला एक भरून घेतलेली कॅसेट दिली होती. इंग्लिश हेवी मेटल. त्या प्रकाराला तसं म्हणतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. वडील म्हणाले, भांडी पडल्यासारखं काय लावलंय. तो म्हणाला, अण्णा, तुम्ही कंपनीत दिवसभर दुसरं काय ऐकता? वडील हसले होते, हे मला आठवतं, कारण ते फारसे हसत नसत.

मला ते संगीत कधी आवडलं नाही. तो गेल्यावर आवडायला लागलं असंही झालेलं नाही. पण तो काय ऐकतो हे समजून घ्यायचा मी प्रयत्न केला होता. एकदा विचारलं, दिवसभर तो आवाज झेलून पुन्हा घरी येऊन हेच का? तो म्हणाला, शॉपमध्ये आवाज कुणाच्या हातात नसतो ताई. इथं चौघं वाजवणारे मिळून तो धरून ठेवतात. सुटू देत नाहीत.

कॅसेट झिजली, मग सीडी आली, मग सगळं मोबाइलमध्ये गेलं. रेकॉर्डचं वेड फार उशिरा लागलं. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामात त्याला एक जुना रेकॉर्ड प्लेअर दिसला. तिथले चाचा त्याच्या ओळखीचे. ते म्हणाले, ले जा, मेरे किस काम का, इसमें तो ताँबा भी नहीं निकलेगा. त्याने तो घरी आणून उघडला, पट्टा बदलला, सुई मागवली, आणि कितीतरी रविवार खर्चून तो चालू केला. मग त्या पहिल्या कॅसेटचा अल्बम नव्याने रेकॉर्डवर निघतोय असं त्याने कुठेतरी वाचलं. जुना गाजलेला अल्बम, नवी आवृत्ती, रंगीत, थोड्याच प्रती काढणार आणि पुन्हा नाही. अशा गोष्टी जमवणारी माणसं जगभर असतात आणि त्या यायच्या आधीच मागणी नोंदवून ठेवतात. त्यानेही नोंदवली. मग तो इतके महिने वाट पाहत होता की मी ती गोष्ट विसरूनही गेले.

रेकॉर्ड आली तेव्हा मी घरीच होते. त्याने आधी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. ब्लेडने पुठ्ठा कापला. आतल्या पाकिटातून तबकडी काढताना बोटं कडेलाच, मधल्या रेघांना स्पर्श नाही. ती नारिंगी होती आणि तिच्यात धुरासारखे काळे पट्टे फिरले होते. उजेडाकडे धरली तर आरपार दिसायची.

‘ताई, बघ,’ तो म्हणाला, ‘आमचा ठोकळा. भट्टीतून आत्ता काढलाय.’

खरंच तसाच रंग होता. मी म्हटलं, मला तर झेंडूचं फूल वाटतंय. घरीही तुला ठोकळाच दिसतो, तू कधी सुट्टीवर जाणार रे?

आता मुद्द्याचं. ती रेकॉर्ड तो फार हळू आवाजात लावायचा. कान गेलेल्या माणसाला सगळंच कमी ऐकू येत असेल, म्हणून तो आवाज वाढवत असेल, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. त्याचं तसं नव्हतं. बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नसत. दाराची बेल, मोबाइलची रिंग, माझ्या बोलण्यातले स आणि श. पण मोठा आवाज झाला की तो कळवळायचा. पातेल्यावरचं झाकण हातातून पडलं तर डोकं धरून बसायचा. कानाच्या आजारात असं होतं, हे मी नंतर वाचलं. त्यामुळे प्लेअर चालू असला तरी स्वयंपाकघरात मला कळायचं नाही. नळ बंद केला, भांडी ठेवली, की मग कुठे बाहेरच्या खोलीतून ढोलासारखं काहीतरी यायचं. खालच्या काकूंनी एकदाही तक्रार केली नाही; वर असं काही वाजतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तो प्लेअरजवळ बसायचा, हात त्याच्या लाकडी पेटीवर ठेवून. मी म्हटलं, इतक्या हळू तुला ऐकू तरी येतं का? तो म्हणाला, जे ऐकू येत नाही ते आठवतं.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीत नेहमीप्रमाणे हॅमर बंद ठेवून धुतले. डायवर कुंकवाचं स्वस्तिक, हॅमरला झेंडूच्या माळा, ऐरणीवर नारळ. पूजा आटोपून सगळे दुपारीच घरी आले आणि घरी पुन्हा आपापल्या वस्तूंची पूजा झाली. शॉपच्या माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर जो तो आपल्या घरचा फोटो टाकत होता. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाच्या बायकोचं शिलाई मशीन, कुणाच्या मुलाचा लॅपटॉप. आमच्याकडे पाटावर माझी चार पुस्तकं असायची. त्यांच्या शेजारी भावाने त्याचा पाना, त्याची पक्कड आणि रेकॉर्ड प्लेअर ठेवला, वर ती नारिंगी रेकॉर्ड. भोवती झेंडू. फुलं कुठे संपतात आणि रेकॉर्ड कुठे सुरू होते ते पटकन कळू नये असं ते दिसत होतं. त्याने फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आमची हत्यारं.’

मग ग्रुपवर सुरू झालं. तो मला वाचून दाखवत होता. एकाने लिहिलं, भावा, हे वाजवतो कधी, शेजारी राहतात का अजून? दुसऱ्याने लिहिलं, राव, हॅमरचा ओव्हरटाइम घरी पण घेतोय हा. तिसऱ्याने कानावर हात ठेवलेलं माकड पाठवलं. हॅमरवरचा त्याचा जोडीदार राजगुरुनगरकडचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याने लिहिलं, आवाज किती ठेवतो ते सांग की.

भावाने उत्तर दिलं, ‘फुल्ल. शेजारी घर विकून गेले.’

ग्रुपवर हसू उसळलं. साहेबही त्या ग्रुपवर होते, कार्मिक विभागाचे. त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, सर्वांना शुभेच्छा म्हणून.

पुढे वार्षिक तपासणीत त्याच्या कानांचा आलेख असा आला की कंपनीच्या डॉक्टरांनाही नॉर्मल लिहिता येईना. इतकी वर्षं ते लिहीत आले होते. भावाने अर्ज केला. मागणं दोनच होतं. हॅमरवरून दुसरीकडे बदली द्या, आणि कान शॉपमधल्या आवाजाने गेले असं कागदावर लिहा. दुसरं मागणं मी सुचवलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि पहिल्यापेक्षा त्याला त्याचंच जास्त पडलं होतं. आपलं काय झालं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं, एवढंच.

त्याला बोलावणं आलं. त्या दुपारी घरी आल्यावर तो खुर्चीत बसला, बूट न काढता, आणि झालेलं एका सुरात सांगत गेला. साहेबांनी चहा मागवला होता. तब्येतीची चौकशी केली होती. आलेखावरून कान कशाने गेले ते सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आवाज तो आवाज, कारखान्यातला काय आणि घरातला काय. मग साहेबांनी मोबाइल काढून त्याच्यासमोर ठेवला होता. झेंडूतली रेकॉर्ड. खाली त्याचे स्वतःचे शब्द.

‘हे तुम्हीच लिहिलंय ना?’

‘हो साहेब, पण ती गंमत होती.’

‘असेल. पण लिहिलंय तुम्ही.’

मग त्याच्यापुढे दोन रस्ते ठेवले होते. कामामुळे इजा झाली असं लिहायचं असेल तर चौकशी लागेल, कागद बाहेर जातील, त्याला वेळ लागेल, आणि निकाल लागेपर्यंत नेमणूक आहे तिथेच राहील. म्हणजे हॅमरवर. नाहीतर त्याने लिहून द्यायचं की घरी मोठ्या आवाजात संगीत ऐकण्याचा छंद आहे. मग वैद्यकीय कारणावरून डिस्पॅचला बदली, सोमवारपासून. साहेब म्हणाले होते, मी तुमच्या भल्याचंच सांगतोय. आणि भाऊ मला म्हणाला की त्यांना खरंच तसं वाटत असावं.

त्याने सही केली होती.

मी म्हटलं, मला विचारायला हवं होतं त्यांनी. तू किती हळू लावतोस ते मी सांगितलं असतं.

‘तुला कोण विचारतंय ताई? तू बहीण. माझ्याच बाजूनं बोलणार.’

‘मग सही का केलीस?’

‘मला तिथनं बाहेर पडायचं होतं,’ तो म्हणाला. ‘बस.’

मग तो उठला, बूट काढले आणि तोंड धुऊन जेवायला बसला. मी त्याला वाढलं. ग्रंथालयात माणसं पुस्तकात चुकीचं छापलेलं दाखवायला येतात, मी मान हलवते, पुस्तक पुन्हा मांडणीवर ठेवते. छापलेलं बदलता येत नाही. पण हे छापलं गेलं नव्हतं; माझ्या समोर बसून वरण-भात खाणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलं होतं, त्याच्याच हाताने.

डिस्पॅचला त्याचं काम खोकी मोजून ट्रकवर चढवायचं. तिथे शांतता होती. पण त्याने रेकॉर्ड लावणं बंद केलं. प्लेअरवर जुनी चादर आली. मी एकदा म्हटलं, लाव की, मला काही त्रास नाही. तो म्हणाला, आता लावली तर त्यांचंच खरं होईल. एवढं म्हणून तो टीव्हीकडे वळला. टीव्हीचा आवाजही बंदच असायचा, खालच्या ओळी वाचत बसायचा. घरात नवीन वस्तू आली की माणूस ती आल्यागेल्याला दाखवतो. ही रेकॉर्ड त्याने कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिली. साड्या माझ्या होत्या, म्हणजे तिथे पाहुणा कुणी हात घालणार नाही.

वर्षही झालं नसेल. एका सकाळी स्पाइन रोडला कंपनीच्या बसची वाट पाहताना त्याला घाम आला. थांब्यावरच्या बाकावर तो बसला आणि बसल्याबसल्याच गेला. बरोबरच्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. यात कंपनीचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. वडीलही असेच गेले होते.

तेरावं झाल्यावर त्याच्या जोडीदाराचा फोन आला. हॅमर शॉपमधली माणसं शोकसभा घेणार होती, पहिली शिफ्ट सुटून दुसरी लागायच्या वेळी, कँटीनजवळच्या मोकळ्या जागेत. फोटोजवळ ठेवायला त्याच्या आवडीची काही वस्तू हवी होती. ‘ती नारिंगी रेकॉर्ड मिळंल का, ताई? पोरं म्हणत्यात.’ मी दिली. फोटोजवळ टेबलावर ठेवतील, फूल वाहतील, परत देतील, अशी माझी कल्पना.

त्या माणसांनी ती फ्रेम करून आणली होती. स्वतःहून, आपसात वर्गणी काढून, मोशीच्या फ्रेमवाल्याकडून. काळ्या मखमलीवर रेकॉर्ड चिकटवलेली, वर काच, आणि मधल्या गोल कागदावर त्याचा कापलेला पासपोर्ट फोटो. खाली पितळी पट्टी, ‘संगीतवेड्या मित्रास’. जी तबकडी त्याने बोटाचा ठसाही पडू न देता हाताळली, तिच्या मागच्या बाजूला डिंक थापला होता. मी त्यांना काय म्हणणार? त्यांनी प्रेमाने केलं होतं. ज्याचा राग धरता येत नाही असं काही समोर आलं की तोंडात कडू चव नुसती राहून जाते; गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही.

दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. शेजारच्या शॉपमधले हॅमर चालूच होते. ते थांबवता येत नाहीत, भट्टी पेटलेली असते. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो आणि पायाखालची फरशी घावागणिक हलत राहिली.

मग साहेब बोलले. त्यांचा आवाज चांगला आहे, शब्द स्वच्छ. माझा भाऊ मेहनती होता, मनमिळाऊ होता, हे म्हणाले. आणि म्हणाले, असे रसिक आता दुर्मीळ. संगीतावर इतकं प्रेम की कानांचीही पर्वा केली नाही. आपल्या छंदासाठी त्याने केवढी किंमत मोजली ते आपण सारे जाणतो. हे त्यांनी आदराने सांगितलं. सही करून घेतलेला खोटा कागद आता त्याचा गुण झाला होता. माणसं माना हलवत होती.

मग सूत्रसंचालन करणारा म्हणाला की बहिणीने दोन शब्द बोलावेत. मी माइकवर कधी बोलत नाही. महाविद्यालयातही मला कुणी सांगत नाही. पण मी पुढे गेले. काय बोलायचं ते मला बदलीच्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याला कुणाची परवानगी नको होती.

मी म्हटलं, ‘तो घरी गाणी फार हळू लावायचा. इतकी हळू की मला शेजारच्या खोलीत ऐकू यायची नाहीत. त्याचे कान इथे गेले.’

समोरची माणसं माझ्याकडे बघत होती. काहींनी मान हलवली. एक म्हातारा कामगार डोळे पुसत होता. कुणी कुजबुजलं नाही, कुणी साहेबांकडे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, ऐकलं त्यांनी. ऐकलं आणि मनात ठेवलं. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी आलं आणि गेलं. ते पुढे झाले, माझे आभार मानले आणि म्हणाले, ‘मॅडम, फ्रेम आम्ही ट्रेनिंग रूममध्ये लावतो. तिथे त्यांची आठवण राहील.’ मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. मला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

घरी येताना मला हलकं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

काही दिवसांनी त्याचा जोडीदार घरी आला. हातात शेतातल्या शेंगांची पिशवी. चहा केला. सुरुवातीला माझं बोलणं त्याला नीट लागेना. तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि मी पाठमोरी होऊन साखर काढायला वळले की ‘आँ?’ म्हणत होता. मी आवाज चढवला.

मग तो म्हणाला, ‘ताई, येक इचारायचं व्हतं. त्या दिवशी तुमी माइकवर काय बोललात?’

मला आधी प्रश्नच कळला नाही.

‘तुमचा आवाज बारीक,’ तो जरा ओशाळून म्हणाला. ‘वर शेजारी हॅमर. आमच्या शॉपमधल्या कुणालाच न्हाई लागलं. समदे म्हणले, भावाबद्दल चांगलंच बोलल्या आसतील.’

माना हलवणारी ती सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. एक कान उघडा ठेवून इतकी वर्षं काढलेली. ज्यांच्यापाशी सांगायचं होतं त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. तिथे धड कान एकाच माणसाचे होते, आणि त्याने ऐकलं होतं, म्हणून फ्रेम मागून घेतली होती.

मी त्याला पुन्हा सांगितलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. खालच्या काकूंनाही ऐकू गेलं असेल. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘व्हय. आमाला काय ठावं न्हाई व्हय. ठावं हाय की.’ आणि त्याने मला सांगितलं, की ती फ्रेम ट्रेनिंग रूममध्ये सुरक्षेच्या पाट्यांखाली लावली आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी तिथे बसवतात आणि ती दाखवून सांगतात, की कंपनी तुम्हाला कानात घालायला बुचं देते, पण घरी जाऊन तुम्हीच असं केलंत तर कंपनी काय करणार? फोटोवरून पोरं विचारतात, हा कोण. मग सांगतात.

मी म्हटलं, मला ती परत हवी आहे.

‘बाहेर काढायला गेट पास लागतो. आन् गेट पासवर सही सायबाची.’

शेंगांची पिशवी त्याने माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, निघाला. पण तो ज्यासाठी आला होता ते अजून राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याची कानांची तपासणी होती. यंदा तपासणीच्या कागदावर नवीन ओळ आली होती, घरी कोणता छंद आहे, संगीत ऐकता किंवा वाजवता का. आधी ती नसायची. तो गावच्या भजनात पखवाज वाजवतो. त्याच्या घरात पखवाज बापाच्याही आधीपासून आहे, आणि गुरुवारी देवळात तो नसला तर भजन उभं राहत नाही. खोटं लिहायचं तर देवाशी खोटं, असं त्याचं म्हणणं. खरं लिहायचं तर माझ्या भावाचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं.

‘तुमी शिकल्याल्या हाय,’ तो म्हणाला. ‘काय लिहू, ताई?’

माझ्या भावाबद्दल खरं लिहिलं जावं, यासाठी मी इतके महिने आतल्या आत जळत होते. त्याच मी त्याला म्हटलं, ‘छंद नाही म्हणून लिहा. काहीच नाही.’

हे मी हळूच बोलले होते, नेहमीच्या आवाजात. त्याने लगेच मान हलवली. हे त्याला पहिल्या खेपेलाच लागलं.